सावलीची काठी, पंचांगातली तिथी आणि मांडवीचे पाणी : गोव्यात राहून ऋतू, भरती-ओहोटी आणि ग्रहणे कशी ओळखावीत

आकाशाचा अभ्यास करायचा म्हटले की नवख्या माणसाच्या मनात आधी दुर्बीण येते, तिची किंमत कळली की बेत बारगळतो आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक पृथ्वी आणि चंद्र यांच्या गतींचे जे परिणाम आपल्या रोजच्या जगण्याला भिडतात, म्हणजे ऋतू, भरती-ओहोटी आणि ग्रहणे, त्यांसाठी दुर्बीण लागतच नाही. मीटरभर लांबीची सरळ काठी, भिंतीवरचे पंचांग आणि पाण्याची पातळी रोज पाहता येईल असा एखादा धक्का किंवा फेरीबोटीचा उतार एवढे साहित्य पुरते. गोव्यात या तिन्ही गोष्टी बहुतेकांना घरापासून हाकेच्या अंतरावर मिळतात. वर्षभर थोड्या चिकाटीने नोंदी ठेवणाऱ्याला पुढे भरतीची वेळ विचारायला दुसऱ्याकडे जावे लागत नाही.

सुरुवातीला तीन गती मनात पक्क्या कराव्यात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दिवस-रात्र होते. ती सूर्याभोवती सुमारे ३६५.२४ दिवसांत एक फेरी घालते, आणि फेरी घालताना तिचा आस सरळ उभा नसून सुमारे २३.४ अंशांनी कललेला असतो. चंद्र पृथ्वीभोवती २७.३ दिवसांत फिरतो. मात्र तेवढ्या काळात पृथ्वीही पुढे सरकलेली असल्यामुळे एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत २९.५ दिवस लागतात. या लेखातले बाकी सारे या तीन वाक्यांतून निघते.

काठी रोवणे

अंगणात, गच्चीवर किंवा निदान दुपारचे ऊन येईल अशा सज्जात एक मीटर उंचीची काठी उभी करावी. ती खरोखर उभी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. गवंडी वापरतो तो ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहावा, कारण काठी दोन अंशांनी जरी कलली तरी दुपारच्या आखूड सावलीत ती चूक लगेच दिसते. जमीन सपाट असावी. काठीच्या बुंध्याभोवती दोरीने एक मोठे वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरताना जिथे स्पर्श करते तिथे एक खूण करावी आणि दुपारनंतर ते बाहेर पडताना जिथे स्पर्श करते तिथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि तिला काटकोनात काढलेली रेषा उत्तर-दक्षिण. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांतली शंकूने, म्हणजे अशाच उभ्या काठीने, दिशा ठरवण्याची रीत ती हीच, आणि होकायंत्रापेक्षा मी तिच्यावर अधिक भरवसा ठेवतो.

आता एक सावधगिरीची सूचना, जी मला कोणी वेळेवर दिली नव्हती. पहिले वर्षभर मी घड्याळात बाराचा ठोका पडला की सावली मोजत असे आणि ती उत्तर-दक्षिण रेषेवर का येत नाही म्हणून काठीलाच दोष देत असे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, आणि पणजी आहे सुमारे ७३.८ अंशांवर. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला खरा मध्यान्ह सरासरी बारा पस्तीसला होतो. तोही स्थिर नसतो : नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा अठराच्या सुमारास येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला बारा एकोणपन्नासपर्यंत लांबतो, कारण पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे आणि आस कललेला आहे. म्हणून घड्याळ बाजूला ठेवावे आणि सावली उत्तर-दक्षिण रेषेवर येईल त्या क्षणी तिची लांबी मोजावी.

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, हे मोजमाप वहीत टिपावे. पणजीच्या अक्षांशावर, म्हणजे साडेपंधरा अंश उत्तरेला, एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली २१-२२ डिसेंबरला सुमारे ८१ सेंटिमीटर भरते आणि ती उत्तरेकडे पडते. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास ती सुमारे २८ सेंटिमीटर असते. मे महिन्याच्या दोन-तीन तारखेला मात्र काठीची सावली तिच्या बुंध्यातच विरून जाते, कारण त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेकडच्या काणकोणात हा दिवस एखाद-दोन दिवस आधी येतो आणि उत्तरेकडच्या पेडण्यात थोडा नंतर. त्यानंतर जी गोष्ट घडते ती दिल्लीच्या माणसाला घरबसल्या कधीच दिसत नाही : दुपारची सावली दक्षिणेकडे पडू लागते. २१ जूनला ती सुमारे १४ सेंटिमीटर दक्षिणेला असते, म्हणजे सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडे सरकलेला असतो. ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास तो पुन्हा एकदा माथ्यावर येतो. फक्त त्या दिवशी काठीला सावली नसण्याचे कारण बहुधा ढग हे असते.

क्षितिजावर खुणा करणे

काठीच्या जोडीला समुद्रातला सूर्यास्त पाहावा. मिरामारच्या वाळूवर एकच जागा ठरवून घ्यावी, एखादे झाड किंवा दिव्याचा खांब, आणि दर पंधरा दिवसांनी तिथेच उभे राहावे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य नेमक्या पश्चिमेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेला, काबोच्या टोकाकडे झुकून बुडतो. त्यानंतर तो उजवीकडे सरकू लागतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ठीक पश्चिमेला येतो आणि मे अखेरपर्यंत आग्वादच्या डोंगराच्या बाजूला जाऊन पोहोचतो. हात पुढे ताणून मूठ आवळली तर ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते, म्हणजे वर्षभरात सूर्यास्ताची जागा जवळजवळ पाच मुठी सरकते. सरकण्याचा वेगही सारखा नसतो : मार्चमध्ये दोन पंधरवड्यांतला फरक सहज डोळ्यांत भरतो, तर डिसेंबरमध्ये सूर्य जागच्या जागी थबकल्यासारखा वाटतो.

इथे उत्तरायणाचा मुद्दा येतो. आपण संक्रांतीला तिळगूळ वाटताना उत्तरायण सुरू झाले असे म्हणतो. परंतु काठी आणि क्षितिज दोन्ही सांगतात की सूर्य २१-२२ डिसेंबरलाच वळलेला असतो. फार पूर्वी हे दोन दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डोलतो, त्याचे एक आवर्तन सुमारे २६,००० वर्षांचे असते, आणि त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली मकर संक्रांत दर ७२ वर्षांना साधारण एक दिवस या वेगाने मागे राहत गेली. आज हे अंतर सुमारे साडेतीन आठवड्यांचे झाले आहे. यात परंपरेला हिणवण्यासारखे काही नाही. मोजण्याचा संदर्भ तारे आहेत की ऋतू, एवढाच हा फरक आहे.

पृथ्वीच्या आसाच्या कलण्यामुळे ऋतू होतात, सूर्यापासूनच्या अंतरामुळे नव्हे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जाते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. अंतर निर्णायक असते तर जानेवारीत साऱ्या जगाला उकडले असते. खरे कारण असे की सूर्य उंच असला की तेवढाच प्रकाश थोड्या जमिनीवर पडतो आणि दिवसही मोठा होतो. तो खाली असला की तोच प्रकाश पसरून जातो. मात्र आपण विषुववृत्ताच्या एवढे जवळ आहोत की दिवसाच्या लांबीतला फरक बेताचाच राहतो : जूनमधला दिवस सुमारे तेरा तासांचा, डिसेंबरमधला सव्वाअकरा तासांच्या आसपास.

नवख्या वाचकाचा इथे हमखास घोटाळा होतो, आणि तो रास्त आहे. ऑगस्टमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तरी गोव्यातली ऑगस्टची दुपार डिसेंबरच्या दुपारपेक्षा थंड असते. याचे उत्तर पावसात आहे. मार्चपासून सूर्य उत्तरेकडे सरकतो, भारताची जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरचा वायुभार घटतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला ओढला जातो. जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्रावरून आलेले वारे किनाऱ्यावर आणि मागच्या सह्याद्रीवर आदळतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस देणारे हे ढग सूर्य झाकून टाकतात. म्हणून आपल्याकडे सर्वांत तापदायक काळ सूर्य सर्वांत उत्तरेला असतानाचा नसतो. तो असतो पहिल्यांदा माथ्यावर आल्यापासून पहिली सर येईपर्यंतचा. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून ठेवण्याचे, मिरच्या-कोकम वाळवण्याचे दिवस नेमके तेच, आणि ते तसे असण्यामागे ही काठीची सावली आहे.

तिथी वाचायला शिकणे

आता चंद्राकडे वळावे. पंचांगातली तिथी ही केवळ व्रतवैकल्यांची सोय नव्हे. पृथ्वीवरून पाहताना सूर्यापासून चंद्र किती अंश पुढे गेला आहे, याचे ते माप आहे. बारा अंश म्हणजे एक तिथी. अमावास्येला दोघे एका दिशेला असतात, शुक्ल अष्टमी संपताना चंद्र शहाण्णव अंश पुढे असतो, पौर्णिमेला समोरासमोर. एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज सायंकाळी साडेसातला चंद्राची जागा पाहून तिथी न वाचता ओळखायचा सराव करावा आणि मग पंचांग उघडून ताळा करावा. चंद्र दररोज एका मुठीहून थोडा अधिक पूर्वेकडे सरकलेला दिसतो आणि सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. या पन्नास मिनिटांना पुढे भरतीच्या प्रकरणात फार महत्त्व आहे.

जाता जाता कोरीचा कल पाहून ठेवावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्वितीया-तृतीयेची कोर आपल्याकडे पाण्यावर तरंगणाऱ्या होडीसारखी जवळजवळ आडवी दिसते, तर पावसाळा ओसरताना, भाद्रपद-आश्विनात, ती एका बाजूला चांगलीच कललेली असते. उजळलेली बाजू नेहमी मावळलेल्या सूर्याकडे असते, आणि सूर्य-चंद्राचा मार्ग क्षितिजाशी करतो तो कोन ऋतूंप्रमाणे बदलतो. पृथ्वीच्या आसाचा कल असा चंद्राच्या कोरीतही वाचता येतो.

बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे होते, म्हणजे ऋतूंच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडे. ही तूट भरण्यासाठी सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालावा लागतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात येते ती यामुळे.

भरतीचा हिशेब

गोव्यातल्या माणसासाठी हा भाग सर्वांत उपयोगाचा आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हरकत नाही. आपल्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात, आणि हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण पाणी गेल्यावर जे सुकते ते आपल्या डोळ्यांसमोर असते.

चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या त्याच्याकडच्या बाजूवर अधिक, मध्यावर थोडे कमी आणि पलीकडच्या बाजूवर सर्वांत कमी असते. या फरकामुळे पाण्याला दोन फुगवटे येऊ पाहतात, एक चंद्राकडे आणि एक विरुद्ध बाजूला. पृथ्वी त्यांच्याखालून फिरते, म्हणून दिवसात दोन भरत्या येतात. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला आणखी पन्नास मिनिटे लागतात, आणि म्हणून एका भरतीपासून दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. हे झाले कागदावरचे चित्र. प्रत्यक्षात मधे खंड आडवे येतात, त्यामुळे भरती एखाद्या लांबलचक लाटेसारखी समुद्रातून प्रवास करते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते आणि जाताना वाढत जाते : उधाणाच्या दिवसांत गोव्यात पाण्याचा चढउतार सुमारे दोन मीटर असतो, मुंबईत त्याच्या दुप्पट, आणि खंभातच्या आखातात भावनगरजवळ तो दहा मीटरच्या घरात जातो.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना तोंडी हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही पुन्हा एकपासूनच मोजायचे. हा हिशेब चालतो कारण भरती दर दिवशी जवळपास पाऊण तास उशिरा येते. नेमके सांगायचे तर दर तिथीला दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, हे प्रमाण आणखी जवळचे आहे. सुकती त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी. तासाभराची चूक गृहीत धरावी, आणि होडी काढायची किंवा पाण्यात उतरायचे असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यांतली मुरगाव बंदराची वेळच पाहावी. नदीतून आत जावे तशी भरती उशिरा पोहोचते. मांडवीत तिचा परिणाम समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत गांजेपर्यंत जाणवतो, म्हणून तिथल्या माणसाने मिरामारची वेळ जशीच्या तशी धरू नये.

ताळा करण्यासाठी फेरीबोटीच्या उतारासारखी जागा नाही. रायबंदरच्या किंवा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरत्या काँक्रीटवर शेवाळाची हिरवी रेषा असते. तिच्यापासून पाणी किती खाली आहे हे पावलांनी मोजावे. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सकाळी अकरा-बाराला गेलात तर पाणी जवळजवळ वर चढलेले असते आणि फेरीत शिरणारी स्कूटर सपाट रस्त्यावरून गेल्यासारखी जाते. त्याच दिवशी सायंकाळी पाच-सहाला तोच उतार लांबलचक उघडा पडतो, खालचा भाग निसरडा असतो, आणि मागे बसलेली माणसे उतरून चालतात. अष्टमीच्या आसपास जाऊन पाहिले तर मात्र दोन्ही वेळांत फारसा फरक दिसत नाही.

याचे कारण सूर्य. भरती निर्माण करण्याची त्याची शक्ती चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका ओळीत येतात, दोघांचे परिणाम एकमेकांत मिळतात आणि उधाण येते. अष्टमीला ते काटकोनात असतात, एकाचे काम दुसरा अंशतः खोडतो आणि भांगाची, म्हणजे लहान, भरती येते. पाण्याला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, म्हणून खरे उधाण तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसते. शिवाय आपल्याकडच्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, कारण चंद्र बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो आणि दोन फुगवटे आपल्या वाट्याला सारखे येत नाहीत. एक दिवस पाणी कमी चढले म्हणून लगेच हिशेब चुकला असे मानू नये.

हा हिशेब कुठे लागतो? तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका उधाणाच्या सुकतीची वाट पाहतात, कारण तेव्हाच वाळूचा सर्वांत खालचा पट्टा उघडा पडतो. चवथीच्या विसर्जनालाही तो लागतो. दीड दिवसाचा गणपती पंचमीला निघतो. भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास होऊन गेलेली असते आणि सायंकाळी सात वाजता पाणी जोराने बाहेर ओढत असते, म्हणून नदीमुखाजवळ खोल उतरणाऱ्यांनी त्या दिवशी अधिक जपावे. पाच दिवसांच्या गणपतीला सायंकाळी सहालाच पाणी काठोकाठ असते. अनंत चतुर्दशीला तर सायंकाळी सुकती संपून पाणी चढू लागलेले असते, आणि सात वाजता वाळूवर ठेवलेल्या चपला नऊ वाजता तिथे नसतात. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत सकाळी दहा ते एकच्या दरम्यान मुसळधार पाऊस झाला तर पणजीत मळा आणि अठरा जून रस्त्याच्या सखल भागांत पाणी का तुंबते, हेही आता सांगायला नको : नाल्यांचे पाणी ज्या नदीत जायचे तीच वर आलेली असते.

भरतीचा सर्वांत देखणा उपयोग मात्र खाजन शेतीत आहे. खाडीच्या पातळीखाली असलेली ही शेते बांधांनी राखलेली असतात, आणि बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे लाकडी दारांचे झडपेसारखे द्वार. एखाद्या मानशीजवळ भरती फिरण्याच्या वेळी पंधरा मिनिटे उभे राहावे. सुकती असताना शेताकडचे पाणी आतून दार ढकलत असते, फटीतून पाण्याचा लोट खाडीत पडत असतो. मग लोट बारीक होतो, थांबतो, दार क्षणभर सैल हलते, आणि खाडीचे पाणी चढू लागताच त्याच्याच दाबाने ते चौकटीवर घट्ट बसते. कोणी हात लावत नाही. चंद्र दिवसातून दोनदा दार लावतो आणि दोनदा उघडतो, आणि त्याच्या भरवशावर आत कोरगुट जातीचे भात उभे असते.

ग्रहणे

अमावास्येला चंद्र सूर्याच्या दिशेला असतो तर दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? याचे उत्तर शब्दांत सांगण्यापेक्षा नारळ आणि लिंबू घेऊन दाखवावे. सोललेला, सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाचा नारळ ही पृथ्वी मानली तर चंद्र म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरचे लहान लिंबू, आणि ते नारळापासून सुमारे ३.६ मीटर अंतरावर धरावे लागते. बहुतेकांना हे अंतर ऐकून धक्का बसतो, कारण पुस्तकांतल्या आकृत्यांत चंद्र पृथ्वीला चिकटलेला असतो. आता मुद्दा असा की चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. एवढ्या अंतरावर पाच अंश म्हणजे लिंबू नारळाच्या पातळीपासून ३२ सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जाते, आणि तिथे नारळाची गडद सावली उरते अवघी नऊ सेंटिमीटर रुंदीची. बहुतेक पौर्णिमांना लिंबू तिला चुकवून निघून जाते, आणि तसेच बहुतेक अमावास्यांना लिंबाची सावली नारळाला चुकवते, यात नवल नाही.

या दोन कक्षा ज्या दोन बिंदूंत छेदतात त्यांना आपल्या ज्योतिषाने राहू आणि केतू ही नावे दिली. ते ग्रह नाहीत, दगडाचे गोळे नाहीत. ते छेदनबिंदू आहेत, आणि सुमारे १८.६ वर्षांत उलट्या दिशेने एक फेरी घालतात. सूर्य यांपैकी एका बिंदूजवळ असताना अमावास्या किंवा पौर्णिमा आली तरच ग्रहण. सूर्य सुमारे १७३ दिवसांनी एका बिंदूजवळून दुसऱ्याजवळ पोहोचतो, म्हणून ग्रहणे साधारण सहा महिन्यांच्या अंतराने आणि बहुधा पंधरवड्याच्या जोडीने येतात. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला चंद्रग्रहण आणि २१ सप्टेंबरला सूर्यग्रहण झाले, २०२६ मधली जोडी १२ आणि २८ ऑगस्टची. दरवर्षी ग्रहणांचा मोसम साधारण एकोणीस दिवसांनी अलीकडे येतो. अठरा वर्षे आणि सुमारे अकरा दिवसांनी जवळपास तसेच ग्रहण पुन्हा येते, फक्त वर आठ तास जास्त असल्याने ते पृथ्वीच्या दुसऱ्या भागावर दिसते.

चंद्रग्रहण ज्यांच्या आकाशात चंद्र आहे त्या सर्वांना दिसते. सूर्यग्रहणातली चंद्राची गडद सावली मात्र जमिनीवर फार तर दोन-अडीचशे किलोमीटर रुंदीचा पट्टा आखते, म्हणून खग्रास सूर्यग्रहण आपल्या गावी येणे दुर्मीळ. १६ फेब्रुवारी १९८० ला ते अगदी जवळ आले होते : सावली शेजारच्या कर्नाटकात अंकोला, हुबळी, रायचूर या भागांवरून गेली. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहण केरळ-कर्नाटकाच्या सीमेजवळच्या किनाऱ्यावरून गेले आणि गोव्यात खंडग्रास दिसले. पुढचे लक्षात ठेवण्यासारखे सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ चे, जे इजिप्त-अरबस्तानात खग्रास आणि भारताच्या पश्चिम भागात सायंकाळच्या सुमारास खंडग्रास असेल. पण ऑगस्टातल्या आपल्या आकाशावर पैज लावू नये. २१ मे २०३१ चे कंकणाकृती केरळ-तमिळनाडूवरून जाईल, आणि तेव्हा गोव्यात निदान ढग कमी असतील.

सूर्याकडे पाहण्यासाठी आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारा, ओरखडा नसलेला चष्माच वापरावा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्यातले प्रतिबिंब यांवर विसंबू नये. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे तो भाजताना कळत नाही. मुलांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे स्वयंपाकघरातली चाळण : सूर्याकडे पाठ करून ती उन्हात धरली की जमिनीवर प्रत्येक छिद्राखाली एकेक चंद्रकोर उमटते. आंब्याच्या झाडाखाली पानांच्या फटींतूनही तेच होते.

ग्रहणाच्या दिवशी समुद्र खवळतो, अशी एक समजूत किनाऱ्यावर ऐकू येते. ग्रहण अमावास्या-पौर्णिमेलाच होत असल्याने उधाण असणारच. पण ते ग्रहणामुळे नव्हे. त्यापेक्षा चंद्र किती जवळ आहे हे महत्त्वाचे. तो सुमारे ३,६३,००० ते ४,०५,००० किलोमीटरच्या दरम्यान पुढे-मागे होतो, आणि जवळ असताना आलेले उधाण खरोखर मोठे असते.

शेवटी वहीत एक तारीख आजच लिहून ठेवावी : ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे, आणि ते साध्या डोळ्यांनी पाहता येईल. स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, साडेआठनंतर, ग्रहणमध्य दहा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास, आणि खग्रास अवस्था तासाभराहून अधिक. मोक्ष, म्हणजे ग्रहणाचा शेवट, नववर्षाच्या फटाक्यांनंतरच. चंद्र तेव्हा पूर्वेकडे बराच उंच असेल, आणि पौर्णिमा असल्याने पाऊणपटीच्या हिशेबाने भरती अकराच्या सुमारास येईल. मिरामारला जाणार असाल तर खुर्ची समुद्राकडे पाठ करून मांडा, आणि सुक्या वाळूवरच्या शेवटच्या कचऱ्याच्या रेषेच्या वर मांडा.